देवाना टुवाल

पारोळ्याच्या घरात पहिल्याच आठवड्यात
मोरीतून ओल्या तोंडानं हात लांबवला
तर नणंद ओरडली, "वहिनी, तो नको!
हाऊ वापराना नही, हाऊ देवाना शे."
मी संगमनेरची. मला वाटलं, देवाचा.
पदरानं तोंड पुसलं
आणि मनातल्या मनात माफीही मागितली.

देवाना म्हणजे द्यायचा,
हे कळायला एक लगीनसराई जावी लागली.

पत्र्याच्या पेटीत घड्या:
गुलाबी, पोपटी, पिस्ता रंगाच्या,
खळ इतकी की उलगडताना पापडासारख्या वाजाव्यात.
आमचे जिभाऊ सोयरिकी जुळवायचे.
चोपडा, एरंडोल, शिरपूर, साक्री,
मांडवात नाव पुकारलं जायचं
आणि घरी परतायचे ते
जुन्याच टोपीवर नवी टोपी चढवून,
खांद्यावर टॉवेल, त्याला अजून लेबल.

पेटीचा हिशोब माझ्याकडे आला.
कुणाचा आला, कुणाला जाईल.
ज्यानं दिला त्यालाच परत गेला
तर गावभर हसू.
म्हणून कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचा एक टाका घालायची,
दिसेल न दिसेल असा.

तो दोरा खरं तर पोपटासाठी आणलेला.
मॅटीवर टीव्हीचं कव्हर भरत होते,
दोन पोपट, मध्ये डाळिंब.
एका पोपटाचा डोळा राहिला तो राहिलाच.
पुढे टीव्ही भिंतीवर गेला, कव्हर आता
श्रावणात कानबाईच्या चौरंगामागे लागतं,
आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच,
"हाऊ पोपट आंधया शे का वं?"
मी म्हणते, रोट थंड होतायत, जेवा.

जिभाऊंना अर्धांग झालं त्या उन्हाळ्यात
अंग पुसायला पेटी मीच उघडली.
पोपटी टॉवेल काढला. पाणी त्याच्यावरून घरंगळलं,
पाठीवरून थेट गादीत.
दुसरा घेतला, तोही तसाच.
जिभाऊंच्या ओठाचा एक कोपरा हलला.
"देवाना," म्हणाले.
तेवढं एकच त्या दिवशी स्पष्ट.
मग माझ्या जुन्या सुती लुगड्याचं धडुतं फाडलं.

अकराव्याला सोयरे आले.
नवऱ्याच्या डोक्यावर टोप्यांची उतरंड,
खांद्यावर टॉवेलवर टॉवेल,
त्यात त्याची मान कुठे दिसेना.
रात्री घड्या मोजताना एकाच्या कोपऱ्यात
निळा टाका.
आठ वर्षांपूर्वी साक्रीला दिलेला.
किती मांडव फिरून आला असेल,
किती दारची रडारड ऐकून,
आणि एकदाही ओला न होता.

तो पेटीत गेला नाही.
गरम पाणी, सोडा, दगडावर तीनदा आपटला.
खळ गेली, रंगही बराच गेला,
विणीतून आता मागच्या दारचा लिंब दिसतो.
मोरीच्या खिळ्याला असतो तो.

लेक केस पुसते नि कुरकुरते,
"आई, याचे धागे लागतात गं."
लागू देत. पाणी टिपतो ना?
ती जरा थांबते, केस दाबून बघते.
"अर्धं."