कळी पडेना

माडखणच्या देवळात कौल लावतो तो मी.
सात पिढ्यांचं काम,
पगार फोडलेल्या नारळातली एक कवड.
तगरीच्या कळ्या पाण्यात बुडवायच्या,
देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवायच्या.
उजवी पडली तर हो. डावी पडली तर नको.

जिल्हा परिषद लागली तेव्हा
एका आठवड्यात तीन उमेदवार आले.
तीन साड्या आणल्या, राजापूरच्या एकाच दुकानातल्या.
तिघांनी सभामंडप कबूल केला.
तिघांनाही देवी हो म्हणाली.
मोजणी ती करत नाही,
पोरं दारात आलीत, नाही कसं म्हणायचं.

त्यातल्या विनायक घाडीची निशाणी पणती.
तहसीलच्या बाई आल्या वही घेऊन,
आचारसंहिता म्हणून बसथांब्यावरचं नाव झाकलं,
पाणपोई झाकली,
मग गाभाऱ्यापाशी थबकल्या.
आत पणती तेवत होती.
बराच वेळ वहीत बघितलं,
चपला घातल्या आणि गेल्या.

आमची शिमग्याची पालखी तिसऱ्या रात्री
खाली मोहल्ल्यात जाते, दाऊद मुकादमांच्या खळ्यात.
का, ते माझ्या आज्यालाही ठाऊक नव्हतं.
मशालींचं तेल त्यांचं, एवढंच.
दाऊदभाई गेले, आता जैनबी उभी राहते डबा घेऊन.

घाडीबरोबर शहरातला एक जण होता, इस्त्रीचा सदरा.
म्हणाला, यंदा विचारून घ्या,
पालखीनं तिकडे जावं का.
असं कधी विचारलेलं नाही, मी म्हटलं.
विचारायला आधी शंका लागते.
"देवीचंही मत घेऊ की," तो म्हणाला, "लोकशाही आहे."

बाळा राऊळांनी गाऱ्हाणं घातलं,
बा देवी म्हाराजा, जो काय खरा असात तो दाखव.
व्हय म्हाराजा, लोक म्हणाले.
व्हय म्हणायची सवय आहे आम्हाला,
कशाला म्हटलं ते मागाहून कळतं.

कळ्या लावल्या. बसलो.
पंखा बंद केला. पंखा चालू केला.
कुणी दार उघडलं, खाडीचा वारा आत आला,
पणती फरफरली,
कळ्या जिथल्या तिथे.
सदरा घड्याळ बघत होता,
पलीकडच्या गावी त्याची सभा खोळंबलेली.
मागून गणू मेस्त्रीचं पोर बोललं,
"देवीनं नोटा दाबलान."
आधी कोणीच हसलं नाही. मग सगळेच.

तो माझ्या कानाशी आला. "गुरव, जरा बोट लावा."
बोट शाईला लावणार आहे, रविवारी,
असं म्हणायला हवं होतं.
म्हणालो नाही. म्हणालो, सायब, सोवळं आहे.

आता इतकंच सांगतो,
त्या दिवशी तांब्यातल्या पाण्यात पेज होती की नव्हती
ते मी सांगणार नाही.
मतदान गुप्त असतं. शाळेच्या भिंतीवर तशी पाटी होती.

घाडी एकशे बारा मतांनी आला.
गुलाल उंबरठ्यापर्यंत, माझ्या भातातसुद्धा.

तिसऱ्या रात्री तिठ्यावर पालखी जड झाली.
ओढते ती, आमच्याकडे म्हणतात,
तिला जायचं असेल तिकडे ओढते.
खांदे चार.
दोन पणतीचे, एक पडलेल्याचा,
एक माझ्या पुतण्याचा,
ज्यानं मत कुणाला दिलं ते बायकोलाही सांगितलेलं नाही.
ढोल थांबला.
पालखी एकदा वर गेली, एकदा मागे,
आणि सुटली ती थेट खाली,
मोहल्ल्याच्या पाखाडीनं, पायऱ्या न बघता.

कुणी ओढली, चौघांपैकी एक बोलत नाही.
उतार होता, असंही म्हणतात.

खळ्यात कंदील होता. जैनबीनं डब्याचं झाकण काढलं.
"यंदा उशीर केलात," म्हणाली.
मी म्हटलं, तिठ्यावर गर्दी होती.