'पुढे' हे बटण

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा, पहिला मजला, गाळा सत्तावीस.
समोर अंगणात पत्र्याखाली लेथ.
आमच्याकडे तीन कॉम्प्युटर, त्यातला एक उसना,
आणि फळ्या काढलेलं एक लोखंडी कपाट,
आतून गोधड्या चिकटवलेलं.
त्यात स्टुलावर बसून मी म्हणायचे:
नमस्कार. या प्रशिक्षणात आपलं स्वागत आहे.
पुढे जाण्यासाठी 'पुढे' हे बटण दाबा.

सुधन्वा कारखानीस प्रोग्राम लिहायचा.
जोसी कुरुविला स्कूटरवर गिऱ्हाइकं शोधायचा,
रबाळ्यापासून तुर्भ्यापर्यंत, गेटागेटाशी.
मी हिशेब, चहा, शुद्धलेखन
आणि आवाज.
तिघांचा पगार एका लिफाफ्यात मावायचा,
काही महिने लिफाफाही नसायचा.

अडचण लेथची होती.
'ज्वलनशील' म्हणायला तोंड उघडावं
की समोर पातं लोखंडाला लागायचं,
शब्द किसून निघायचा.
शेवटी गॅलरीत जाऊन हात वर केला.
दत्ताराम शिगवणांनी वर पाहिलं,
का म्हणून न विचारता बटण बंद केलं.
"दोन मिनटं. बोलून घ्या."
मी धावत कपाटात.

त्या दोन-दोन मिनिटांत
मी आगी विझवल्या, हातमोजे चढवले,
आम्लाचं पिंप कसं कलतं करायचं ते सांगितलं,
महाप्याच्या एका रंगाच्या कारखान्यातल्या
चाळीस माणसांसाठी.

मग वाढ झाली. कशी, ते नीट सांगता येत नाही.
आधी चहाचे पेले कागदी झाले.
मग दाराला कार्ड आलं.
मला ताई म्हणणारे नावाने हाक मारू लागले,
नावाने हाक मारणारे ईमेल करू लागले.
ऐरोलीला सातवा मजला घेतला, पुढल्या वर्षी आठवाही.
काचेतून पारसिकचा डोंगर दिसतो,
खणून खणून उरलेला.
सुधन्वा पाहुण्यांना तिथेच उभं करतो
आणि चढता आलेख दाखवतो,
डोंगराकडे पाठ करून.

आता आम्ही माणसं नुसती शिकवत नाही.
कोण वर चढेल, कोण टिकेल,
कोण मार्चच्या आत राजीनामा देईल,
हे अकरा देशांतल्या कचेऱ्यांना आधीच कळवतो.
नऊ चौकोनांचा तक्ता आहे त्यासाठी,
मिसळणाच्या डब्यासारखा, दोन वाट्या जास्त.
मी मधल्या चौकोनात.
मोहरी. फोडणीला लागते,
चव कुणी विचारत नाही.
माझी मॅनेजर सत्तावीस वर्षांची. हळूच म्हणाली,
"वाईट नाहीये हा चौकोन, मॅम."
नाहीच आहे. त्याला पिवळा रंग द्या,
असं मीच सुचवलं होतं.

लॉबीत भिंतभर 'आमचा प्रवास' आहे.
त्यात कपाटाचा फोटो आहे, हसण्यासाठी.
शिगवण नाहीत. कोण म्हणून घालणार?

परवा सक्तीचा वार्षिक कोर्स आला:
आगीपासून सुरक्षा, आवृत्ती चौदा.
चित्रं नवी, हेल्मेटमधली बाई नवी,
आवाज माझाच, एकोणतिशीतला,
गोधडीत घुसमटलेला.
तिनं विचारलं, विजेच्या आगीवर काय वापराल?
माझा हात घाईत भलत्याच पर्यायावर.
"आपलं उत्तर बरोबर नाही," ती म्हणाली,
"पुन्हा प्रयत्न करा."
इतक्या अदबीनं मी कुणाशी बोलत होते तेव्हा?

आणि हेडफोन कानाशी घट्ट दाबला तर
प्रत्येक धड्याच्या तोंडाशी, 'नमस्कार'च्या आधी,
अर्धा सेकंद,
एक यंत्र मंदावत येतं.
साउंडवाला पोरगा गेल्या वर्षी विचारत होता,
ही घरघर काढून टाकू का?
मी म्हटलं, अडीच लाख लोकांनी ऐकलीय,
तक्रार एकाचीही नाही.

पास व्हायला ऐंशी लागतात. मला शहात्तर.
कुणी बघत नव्हतं.
मी कोर्स पहिल्यापासून लावला,
लेथ थांबतं तिथून.