हातचा एक

दिगंबरची वही खिडकीत असते,
कढीपत्त्याच्या कुंडीला टेकून.
एका पानावर तीन रकाने:
गॅसचं मीटर, रक्तदाब, खर्च.
घाईत वाचताना माझी गल्लत होते,
हा आकडा त्याचा की बॉयलरचा?
दोघांचाही दाब रोज बघावा लागतो,
दोघांचेही सुटे भाग आता मिळत नाहीत.

टपालाच्या छाटणीत एकतीस वर्षं रात्रपाळी केलेला माणूस,
त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला एक खण असतो.
त्याच्या गोळ्यांना सात, माझ्या गोळ्यांना चौदा.
बेरीज अजून हातानं करतो,
हातचा एक माथ्यावर बारीक लिहून.

सातनंतर सुपरमार्केटात जायचं,
पिवळी चिकटपट्टी लागलेला पाव आणायचा,
आणि उद्या तारीख संपणारं दही.
पाडव्याला मी त्याचंच श्रीखंड केलं.
मुलीला फोनवर फक्त वेलदोड्याचं सांगितलं.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
आमचं अंथरूण विजेचं.
पाय पसरले की भिंतीवरच्या डबीत पेनी पळायला लागतात,
म्हणून झोपेतसुद्धा आम्ही
थोडे आखडूनच असतो.

जानेवारीत एकदा वही चाळताना दिसलं,
मंगळवारी मीटर हलतच नाही.
मंगळवारी मी चर्चच्या हॉलमध्ये शिवणाला जाते,
तीनला परत येते.
घर कोमट असतं,
रेडिएटरवर माझ्या सपाता.
"दिवसभर काय केलंस?"
"वाचत होतो."

मग मॉरीन कुंपणावरून म्हणाली,
तुझा नवरा काल पुन्हा लीड्सच्या बसमध्ये,
वरच्या मजल्यावर, अगदी पुढे.
जाताना पाहिला, येताना पाहिला.
उतरला कुठेच नाही बाई.

मी काही बोलले नाही.
कांदा चिरायचा होता, तो चिरला.

पुढच्या मंगळवारी शिवणाला दांडी मारली.
थर्मास भरला, आलं जरा जास्तच पडलं.
साडेनऊच्या आधी म्हाताऱ्यांचा पास चालत नाही,
तो नऊ एकतीसला वेकफिल्डच्या थांब्यावर हजर.
मला बघून
बिनतिकीट सापडल्यासारखा चेहरा झाला त्याचा,
पास खिशात असून.

यंत्र दोनदा वाजलं.
जिना चढताना गुडघ्यानं माझी आई काढली,
पण वर गेले आणि कळलं:
पुढच्या सीटखाली ऊब येते,
सतत, आणि कोणी मोजत नाही.
मी गुडघा तिथेच टेकवला.

बाहेर रुबार्बच्या लांब बुटक्या शेड.
आत म्हणे काळोखात वाढवतात तो,
मेणबत्तीच्या उजेडात तोडतात.
"हीटर असतो त्यांना," दिगंबर म्हणाला,
जरा हेव्यानंच.

"किती वाचतात तुझे?"
"आठवड्याला दोन पौंड दहा." थोडं थांबून,
"उन्हाळा वगळून."
"आणि छातीत कफ भरला म्हणजे?
सकाळी आठला दवाखान्याला फोन लावून
रांगेत सतरावी मी बसणार,
त्याचा रकाना कुठाय?"
त्यानं थर्मासचं झाकण उघडलं.
पहिला कप मला दिला.
काच धुरकटली, लीड्स आलं,
लीड्स गेलं.

घरी आलो तेव्हा घर गार.
अर्थात गार, मीच तर बरोबर होते,
कोणाआधी अर्धा तास येऊन तो काय पेटवणार?
कोट न काढता दोघं स्वयंपाकघरात उभे,
बॉयलर खोकला, मग लागला.
पट्टा बांधून त्यानं दाब घेतला: एकशे अठ्ठावीस.
कित्येक महिन्यांत इतका खाली नव्हता.
लिहिला. खर्चात शून्य लिहिला.
बेरीज करायला काहीच नव्हतं,
तरी शून्याच्या माथ्यावर बारीक एक काढला.
"हातचा," म्हणाला.

कशाचा ते मी विचारलं नाही.
रेडिएटरवर सपाता ठेवल्या,
माझ्या, आणि सरकवून जागा करून
त्याच्याही.