हासडी

आडनाव तोडणकर, आणि जन्मभर काम जोडायचं.
परळला, जनावरांच्या कॉलेजात, तळमजल्यावरची खोली:
पिंपं, अमोनिया, आणि लोहार चाळीतून
किलोवर आणलेली पितळी तार.
मी नवी. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे गोणी उपडी केली.
"लाव. घाई नाही. मेलेलं आहे."

आधी मान मोजायची, हा नियम.
जिराफाची मोजली, स्टुलावर चढून. सात.
उंदराची, भिंगातून. सात.
मग स्वतःची, मागून बोटांनी चाचपत,
पदराखाली एक मणका टेंगळासारखा लागला: तो सातवा.
"स्लॉथ तेवढा ऐकत नाही," तोडणकर म्हणाले,
"पण तो परळला येत नाही."

ओहोटी असली की जेवणाच्या सुट्टीत शिवडीला.
चिखलात रोहित पक्षी, गुलाबी, गुडघे उलटे.
"गुडघा कुठला? तो घोटा.
गुडघा वर, पिसांत, झाकलेला.
लोक पाय बघतात आणि भलत्याच सांध्याला नाव देतात."
डबा उघडून त्यांनी तळलेला मांदेली
शेपटीकडून डोक्याकडे असा सोलला
की काटा अख्खा, कंगव्यासारखा, झाकणावर.

माझं पहिलं काम महालक्ष्मीची घोडी.
किती शर्यती जिंकली ते हाडावर लिहिलेलं नसतं.
चार पायांवर, चार मधल्या बोटांच्या
चार नखांवर उभी राहिली आयुष्यभर;
उरलेल्या बोटांच्या दोन दोन काड्या
नळीला चिकटून, लग्नघरातल्या दूरच्या नातेवाइकांसारख्या:
काम नाही, पण उठतही नाहीत.

सगळं लागलं. हासडी सापडेना.
पुस्तकात जत्रुक म्हणतात तिला, तोडणकर हासडीच म्हणत.
गोणी झटकली, पिंपात कोपरापर्यंत हात घातला,
गाळणीतला गाळ वाळवून पाहिला.
दोन दिवस ते तार सरळ करत बसले होते.
तिसऱ्या दिवशी, मान वर न करता:
"नसते तिला."

घोड्याला नाही. बैलाला नाही. हत्तीला नाही.
कुत्र्याला असते, असून नसल्यासारखी,
मांसातला एक चुरा, उकळताना हरवतो.
नुसतं पुढे पळायचं त्यांना आडवं हाड कशाला?
वटवाघळाला आहे. माकडाला आहे.
जे लोंबकळतात, जे दुसऱ्याला
छातीशी धरतात, त्यांना ती लागते.

मढच्या किनाऱ्यावरून डॉल्फिन आला त्या वर्षी,
मानेचे सातही मणके
जुन्या पैशांच्या चवडीसारखे दाबलेले.
तो छताला टांगताना शिडी सरकली.
केईएममधून फोटो आला, मी खिडकीला लावला:
उजवी हासडी, दोन टोकं,
एकमेकांवरून निघून गेलेली.
डॉक्टर पट्टी घालू म्हणाले. हे नको म्हणाले.
"तार मी दुसऱ्यांना घालतो."

नाहीच जुळली ती. हात खांद्याच्या वर जाईना.
सुनंदावहिनी त्यांचा भांग पाडायच्या,
आणि ते हसायचे, "आता मला घोड्यांत धरा."

रिटायर झाल्यावर भोईवाड्यात त्यांच्याकडे जेवायला गेले.
कोंबडीचा रस्सा. वहिनींनी खाटकाला बजावून
एक हाड अख्खं ठेवून घेतलं होतं.
तोडणकरांनी डाव्या हाताने ते चोखून साफ केलं,
पंचाला पुसलं, माझ्या तळहातावर ठेवलं:
दोन हासड्या, मध्ये जुळून एक झालेल्या.
"हे पक्ष्यांना जमलं," एवढंच. मग ताक मागितलं.

माझ्या खणात आहे ते. रजिस्टरात चढवलेलं नाही.

परवा नवा मुलगा लागला, पालघरचा, विलास डोंगरकर.
मी गोणी उपडी केली. बैल होता.
दोन दिवस झाले, तो पिंपात हात घालून
काहीतरी शोधतोय.
मी तार सरळ करत बसले आहे.