श्रेयनामावली

सर्जेकोटच्या जेटीवरची लिलावाची शेड
दोनदा धुऊन काढली होती,
तरी बांगड्याचा वास होताच.
पडदा म्हणून मंडपवाल्याची पांढरी चादर,
तिला मधोमध शिवण,
त्यामुळे सिनेमातल्या पोराचं तोंड
सारखं दोन तुकड्यांत दिसायचं.

शाळेच्या पालकसभेने ठेवला होता खेळ.
हिंदी सिनेमा. मला पुढची खुर्ची,
निवृत्त मुख्याध्यापिका म्हणून गुलाबाचं एक फूल.
शेजारी कोण येऊन बसलं
ते काळोखात मी पाहिलं नाही.

पोरगा उलटी अक्षरं काढायचा.
बाप ओरडायचा. आई जिन्यात बसून रडायची.
पुढे एक डॉक्टरीण येते, त्या आजाराला नाव देते,
आजार नाही हो, म्हणते,
आणि असं लांबलचक नाव उच्चारते
की मागच्या बाया हसल्या.
मी नाही हसले.
मला ते नाव सत्त्याऐंशी साली हवं होतं.

सत्त्याऐंशी साली माझ्याकडे होती
निरगुडीची ओली छडी, आणि खडू.
तिसरीतला रोहिदास मेतर
'भ'ला 'म' म्हणायचा, 'घ'ला 'ध',
'बाबा'चं 'वावा' करायचा, वर्ग हसून लोळायचा.
एकदा मी पाटीवर 'ढ' काढला,
सुतळीने त्याच्या गळ्यात अडकवला
आणि झेंड्याच्या खांबाशी त्याला उभा केला,
मधल्या सुट्टीपासून शाळा सुटेपर्यंत.
दुसऱ्या दिवशी वहीत
त्याने पानभर ढ काढून आणले.
एकही चुकला नव्हता.
मी खाली लाल शाईने 'छान' लिहिलं.
ते 'छान' त्याला वाचता येणार नाही
हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

मध्यंतरात दिवे लागले.
शेजारी रोहिदास.
बर्फाच्या फॅक्टरीतून थेट आलेला, बोटांची टोकं पांढरी.
"बाई, चाय हाडू?"
गावाला ठाऊक आहे तेवढं मलाही ठाऊक:
भावाने कागद पुढे सरकवला, याने सही केली,
बापाच्या होडीतला वाटा गेला.
सही मीच शिकवली होती.
चित्रासारखी. घोटून घोटून.

शेवटी सिनेमातला पोरगा तबला वाजवतो.
सभागृह उभं राहतं, बाप रडतो,
शेडमधल्या बायाही पदर डोळ्यांना लावतात.
रोहिदास तबला वाजवत नाही.
त्याला दर्याची काही वेगळी भाषा कळते असंही नाही,
उगाच कुणी कवितेत तसं लिहू नये.
तो बर्फ फोडतो.
बरा फोडतो.

मग नावं वर जायला लागली.
लोक चपला शोधू लागले,
पोरांनी मागच्या खुर्च्या रचायला घेतल्या.
हा बसलेलाच.
"वाचा बगू बाई, कोण कोण आसत ते."

इंग्रजी, बारीक, काळ्यावर पांढरी.
मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्या एकाच डोळ्याचं झालंय.
एक नाव धरावं तो ते शिवणीवर तुटायचं,
खालचं त्यावर चढायचं,
कुणाचं आडनाव कुणाला लागायचं.
"असिस्टंट..." मी म्हटलं. "मग... स... सा..."
मागे एक पोर फिसकन हसलं.
कशाला हसलं, देव जाणे.
माझा हात आपोआप गळ्याशी गेला.

"रवांदे बाई," रोहिदास म्हणाला,
"ती अशीच पळतत."

खाली पडलेलं फूल उचलून
त्याने माझ्या मांडीवर ठेवलं,
त्याची बोटं अजून गार होती.
मग निघाला.
तीनच्या गाडीत बर्फ भरायचा होता.