अर्धा प

माझं काम फक्त ऐकायचं.
परळच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
एसीचं पाणी बादलीत ठिबकतं त्या खोलीत
ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी
एक निष्पक्ष साक्षीदार लागतो:
इस्पितळाचा नसलेला, नात्यातला नसलेला.
मी भोईवाड्यात राहते. महापालिकेच्या शाळेत
तेहतीस वर्षं मराठी शिकवलं.
निरोपाच्या दिवशी म्हणाले, हाडाची शिक्षिका.
तेव्हा हाड हा नुसता शब्द होता.

हुरमतबाई तडवी, यावलकडच्या.
केळीच्या बागांत रोजानं जातात.
सोबत मुलगी, तस्लीम, सोळा पूर्ण.
डाव्या गुडघ्यात हाडाऐवजी धातू,
आणि दोन वर्षांनी
छातीच्या फोटोत चार ठिपके.
कागदावर लिहिलंय, पुनरावर्ती.
हुरमतबाई म्हणतात, परत आलं ते.
उधारी मागणारा परत येतो तसं,
दार माहीत असलेला.

कॅमेऱ्याचा लाल दिवा लागतो.
नियम आहे, सगळं चित्रित व्हायला हवं,
होकारही, गप्प बसणंही.
डॉक्टर बोरकर सावकाश वाचतात.
चाचणी म्हटलं की मला आठवते घटक चाचणी,
वीस गुणांची,
जिच्यात नापास झालं तरी वर्ष वाया जात नसे.
इथे परीक्षा औषधाची आहे,
फक्त पेपर तस्लीमच्या अंगावर लिहायचा.

पान सात. मळमळ, ताप, तोंड येणं,
हृदयाच्या ठोक्यांत बदल, क्वचित मृत्यू.
पान नऊ. आपणांस वैयक्तिक लाभ होईलच असे नाही.
प्राप्त माहितीचा उपयोग भविष्यातील रुग्णांना होऊ शकेल.
हुरमतबाई माझ्याकडे बघतात,
मराठीच्या बाई ना मी, मी सांगावं म्हणून.
मी बादलीकडे बघते.

तस्लीम इतका वेळ स्वतःची प्रत वाचत होती,
ओळीखाली बोट ठेवून.
“मॅडम, हे चुकलंय.”
पान चार. फुफुस.
“अर्धा प राहिलाय.”

तीसेक वेळा हा कागद ऐकला असेन,
खाली सही केली असेन.
हाडाची शिक्षिका, आणि मला नाही दिसला.
डॉक्टरांनी पेन पुढे केलं
आणि मागे घेतलं.
एक अक्षर बदलायचं तरी समिती बसावी लागते,
नवी आवृत्ती, नवी तारीख, नवे शिक्के.
तस्लीम हसली. पहिल्यांदाच.
“म्हणजे मी चुकीच्या फुप्फुसावर सही करायची?”
हुरमतबाईही हसल्या, कशाला ते न कळता.
चित्रणात असेल ते कुठेतरी.

मग तिनं विचारलं, भविष्यातील म्हणजे कोण?
डॉक्टर म्हणाल्या, माहीत नाही.
आता पाचवीत असेल कोणी.
गुडघा दुखतो म्हणत असेल
आणि घरचे म्हणत असतील, वाढीचं दुखणं.
“मला पण तेच म्हणाले होते.”
एवढं बोलून तिनं सही केली,
जपून, हॉलतिकिटावर करतात तशी.
हुरमतबाईंचा डावा अंगठा
केळीच्या चिकानं आधीच काळा,
शाई लागली की नाही कळेना.
दोनदा उमटवला.
खाली माझं नाव, तारीख, वेळ बारा दहा.

पुढचं मला माहीत नाही.
साक्षीदारानं विचारायचं नसतं.
एकदा लिफ्टपाशी नर्सला म्हटलं, ती यावलची, बरी आहे ना?
तिनं हातातली फाइल छातीशी धरली.
म्हणाली, जेवलात का बाई?

आज पुन्हा बोलावणं आलं.
परभणीकडचा एक गवंडी,
मांडीला टेकून अकरा वर्षांचा मुलगा,
पाय लांब सोडून.
आवृत्ती चार.
मी आधी पान चार उघडलं.
फुप्फुस.
अर्धा प जागेवर होता,
शेजारच्या फला टेकून.
लाल दिवा लागला.
बाप म्हणाला, वाचा.