शीव

रबाळ्याला आमच्या कंपनीच्या मागे,
गॅसच्या गोदामाला खेटून, मरीआईचं देऊळ आहे.
सासरे सांगायचे, पटकी आली की
लिंबू, कोंबडा, हिरवी चोळी गाड्यात घालून
रातोरात ओढत न्यायचा तो गोठिवलीच्या शिवेवर.
"गारा शिवंवर सोरा, नि मागं बघू नका."
गोठिवलीवाले उठायचे, उजाडायच्या आत
तळवलीच्या हद्दीत लोटायचे.
तळवलीवाले पुढे.
खाडी लागेपर्यंत कुणी ना कुणी शेजारी असायचाच.

मी अंगरखे शिवते. टोपीपासून पायापर्यंत एकसंध,
पांढरे, बिनखिशाचे.
आधी सुई, मग सुईच्या प्रत्येक भोकावर
गरम हवेने चिकटवलेली पट्टी.
तपासायला बाही पाण्याने भरून टांगायची
आणि खाली कोरडा कागद धरून थांबायचं.
मार्गशीर्षापासून दोन पाळ्या चालू आहेत.
खोक्यांवर तीन देशांची नावं.
वाचता येतात. तोंडात बसत नाहीत.
पहिली खेप सहारहून विमानाने गेली,
बाकीची न्हावा-शेव्याहून, बोटीने, पाच आठवडे.
तो आजार माणसाला आठ दिवस देतो.

एस्तेर पेणकर आल्या, ठाण्याच्या, टेंभी नाक्याजवळच्या,
चाळीस वर्षं सिस्टर.
तिथे चार महिने काढून, इथे एकवीस दिवस
दार लावून एकट्या ताप मोजून.
(एकवीस म्हणजे आम्हाला मोदक नि दुर्वा.)
कॅन्टीनमध्ये आमचाच एक अंगरखा घालून दाखवला.
घालायला पाच मिनिटं. काढायला वीस.
एकीने काढायचं, दुसरीने समोर उभं राहून
पायरी न् पायरी मोठ्याने वाचायची,
कारण दमलेला हात आपल्याच तोंडाकडे जातो.
"आमचे दोघे गेले," त्या म्हणाल्या, "ते काढताना."
मग छातीवर मार्करने लिहिलं: एस्तेर.
आजाऱ्याला फक्त डोळे दिसतात.
कुणाचे, ते तरी कळावं.

द्रौपदी मढवीने विचारलं, तिकडे गाडा नसतो का ओढत?
बायका हसल्या.
एस्तेरबाई नाही हसल्या. असतो म्हणाल्या.
तिन्ही देशांनी पूल बंद केले,
तीन वह्या झाल्या.
कोण कुणाला शिवलं त्याची वही,
आणि नाव नदीपाशी आलं की संपायचं.
माणूस मात्र रात्री होडीतून जाऊन आलेला असायचा.
पलीकडे मावशी असते.
मेलेल्या मावशीला आंघोळ घालायची असते.

मग लान्साना नावाचा एक मास्तर
रोज तिन्हीसांजेला काठावर वही उघडायचा
आणि नावं ओरडायचा.
पलीकडे एक बाई लिहून घ्यायची,
तिच्याकडची ओरडायची.
पाणी उतरलेलं असलं की ऐकू यायचं.
नसलं तर परत. परत.
एकदा तिने त्याच्या आईचं नाव घेतलं.
त्याने लिहिलं, आणि पुढचं विचारलं.

शीव म्हणजे हद्द. शिव म्हणजे टाका घाल.
शिव म्हणजे हात लाव.
हे मला मशीनवर बसल्या बसल्या सुचलं
आणि तेवढ्यात पट्टी वाकडी गेली.
तो नग बाद.

गळ्याच्या आतून आपलं नाव घालावं असं वाटलं होतं,
लहानसं, पांढऱ्याच दोऱ्याने, कुणाला न दिसेलसं.
पण नाव म्हणजे वीस-बावीस टाके,
आणि टाका म्हणजे भोक.
नाही घातलं.

सुटल्यावर बसवाला यादी वाचतो
रस्त्याच्या त्या बाजूने,
मध्ये ठाणे-बेलापूरचे ट्रक.
मढवी द्रौपदी.
आहे.
केणी मथुरा.
मी जरा जास्तच मोठ्याने ओरडले.
त्याने मान वर केली,
पलीकडून बघितलं,
आणि टिकमार्क केली.